निळी, पांढरी आणि ओलीची कपात

आमच्या क्लबात होड्या कमी आणि किस्से जास्त. होडी घ्यायची म्हटली की कमिटी बसवा, ठराव करा, पत्रं लिहा, यात वर्ष जातं. किश्शाला यातलं काहीच लागत नाही. चहाला दोघं जमले की तिसऱ्याच्या नावानं एक तयार होतो, आणि तो तिसरा आला की त्याच्या तोंडावरच सांगितला जातो!

येलदरीच्या धरणावर शिडाच्या होड्यांचा क्लब आहे, हे जिंतूरच्या पलीकडं कुणाला खरं वाटत नाही. "परभणी जिल्ह्यात? शिडाच्या होड्या? समुद्र कुठंय?" असं विचारतात. समुद्र नाही, कबूल. पण पाणी आहे, वारा आहे, आणि भांडायला माणसं आहेत. क्लब चालायला आणखी काय लागतं?

मी जिंतूरच्या एका शाळेत खेळाचा मास्तर, आणि या क्लबाचा सचिव. म्हणजे पत्रं मी लिहितो आणि बोलणीही मीच खातो. त्यामुळं सगळे किस्से मला तोंडपाठ आहेत. हे त्यातले थोडे, एकाच पंधरवड्यातले. दसऱ्याच्या आधीच्या त्या पंधरा दिवसांत आम्हाला पोरांच्या शर्यतीसाठी होडी निवडायची होती. निवडली. पण कशी, ते ऐका.

*

सुरुवात कप्तानापासून केली नाही तर तो रुसतो.

देवराव मूळ चुडाव्याचा. स्टेशनाजवळ घर. लहानपणी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजायचा आणि एक दिवस त्यातल्याच एका गाडीत बसून गेला तो थेट नौदलात. रिटायर होऊन आला तेव्हा गावानं विचारलं, "देवराव, जहाजावर तू काय होतास?"

"ज्याच्यावाचून जहाज हलत न्हाई, तो," देवराव म्हणाला.

गावानं त्याला कप्तान करून टाकलं. तो होता जहाजावरचा स्वयंपाकी! पण खोटं तरी काय बोलला? उपाशी खलाशांनी कुठलं जहाज हलवलंय? शिवाय फावल्या वेळात तो शिडाच्या शर्यतींत उतरायचा आणि कप जिंकून आणायचा. आज धरणाच्या कॉलनीत दोन खोल्यांत एकटा राहतो, आणि पोरांना वारा वाचायला शिकवतो. त्याच्याइतकं पाणी कळणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि हे मी त्याच्यासमोर कधीच म्हणणार नाही.

जहाज सुटलं, जहाजाची वेळ सुटली नाही. कप्तानाचं जेवण साडेसातला म्हणजे साडेसातला. एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब क्लब बघायला आले. उशीर झाला, दिवे लागले, साहेबांना सगळ्यांसोबत फोटो हवा होता. सव्वासातला कप्तान चपला शोधायला लागला. मी दंडाला धरला तर म्हणाला, "सर, साहेब उद्या बी साहेबच राहतेत. वरण उद्या गरम राहत न्हाई."

सख्ख्या भाच्याच्या लग्नात तर कमाल केली. वरात रेंगाळली, पंगत साडेआठच्या पुढं गेली. सोयरे पानावर बसले तेव्हा मामा हात धुऊन रिकामा डबा पिशवीत घालत होता. घरून आणला होता! बहीण वर्षभर बोलली नाही. "बहिणीची समजूत काढता येते, टायमाची न्हाई," म्हणाला. मी स्वतः दोनदा त्याच्याकडं पावणेआठला जेवायला गेलोय आणि दोन्ही वेळा ताटाऐवजी चहा मिळालाय.

*

तर पत्र आलं. राज्याच्या संघटनेचं. पोरांसाठी दोन बुडांच्या होड्यांची, म्हणजे कॅटमरानची शर्यत सुरू करायची होती. कॅटमरान म्हणजे दोन लांबट अरुंद होड्या शेजारी-शेजारी, मध्ये ताणलेली जाळी, जाळीच्या पुढं डोलकाठी आणि शीड. पळते मात्र विजेसारखी. संघटना दोन जातींच्या होड्या पंधरा दिवस वापरायला देणार. आम्ही एक जात निवडून कळवायची. निवडू ती होडी हंगामभर क्लबाकडं राहणार आणि आमची जोडी राज्याच्या निवडीला जाणार. जोडीत एक मुलगा आणि एक मुलगी, वय अठराच्या आत.

होड्या ट्रकनं आल्या त्या मानवतला. कारण आमचे अध्यक्ष शेठजी तिथले, कापसाचे आडते. ट्रकवाला म्हणाला, पुढच्या रस्त्याला मी येणार नाही. मग उसाच्या ट्रॉल्या मिळेपर्यंत दोन्ही होड्या भर मोंढ्याच्या बाजारात, कापसाच्या ढिगाशेजारी उतरवल्या. बघायला ही गर्दी!

एक शेतकरी बराच वेळ बघून शेठजींना म्हणाला, "शेठ, हे कापूस येचायचं मशिन हाय का?"

"न्हाई हो. पाण्यावर चालतंय."

"मग मानवतला काहून आणलं?"

शेठजींनी माझ्याकडं बघितलं, मी कप्तानाकडं, आणि कप्तान डोलकाठीचे दोर तपासायला लागला.

येलदरीला रुक्माजीमामा वाट बघत होते. मामांचा जन्म या पाण्यावर मासे धरण्यात गेलाय, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून. क्लबात त्यांचा शब्द शेवटचा, कारण खडक कुठं आणि बुडालेली झाडं कुठं ते फक्त त्यांना माहीत. मामांनी होडीला तीन चकरा मारल्या.

"एका होडीला दोन बुडं कशाला?"

"कलंडू नये म्हणून," कप्तान ऐटीत म्हणाला.

तासाभरात कप्तान स्वतः ती होडी घेऊन गेला, आणि आमच्या डोळ्यांदेखत, बारक्या पोरांच्या डोळ्यांदेखत, ती साफ आडवी झाली! डोलकाठी पाण्यात, कप्तान पाण्यात, टोपी वाहत चाललेली. मामा तराफा वल्हवत शांतपणे जवळ गेले.

"कप्तान, आता तिसरं बूड लावायचं का?"

त्या दिवसापासून तिचं नाव जोडहोडी. कॅटमरान हा शब्द आता क्लबात फक्त पत्रात वापरतात.

*

दोन होड्यांपैकी एक निळी, एक पांढरी. निळी जाड प्लॅस्टिकची, दणकट, जड. खडकावर आपटली तरी ओरखड्यावर भागतं. पांढरी फायबरची, हलकी, पुढं आणखी एक फुगणारं शीड. नीट चालवली तर पाण्याला टेकतच नाही असं वाटतं, आणि नीट चालवली नाही तर मालकाला पाण्यात टाकते.

शेठजी तपासणीला आले. कापसाच्या धंद्यात केस पिकलेला माणूस, तो नुसतं बघून कसं ठरवणार? पांढरीच्या शिडाचा कोपरा त्यांनी चिमटीत धरला, कुरवाळला, नाकाशी नेला. मग शिवणीतला एक धागा नखानं अलगद ओढला आणि बोटावर ताणून धरला. मोंढ्यात कापसाचा तंतू बघतात, तसा.

"धागा लांब हाय," शेठजी खूश होऊन म्हणाले.

लांब होताच! वीतभर शिवण उसवून हातात आली होती. कप्तान असा ओरडला की पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. शेवटी मामांनी जाळ्याची सुई आणली आणि जाळ्याच्याच दोऱ्यानं ती शिवण घातली. बाकीचं शीड फाटेल, तेवढी वीतभर जागा फाटणार नाही.

आणि शेठजींचा निकाल? "निळी घ्या. हलका माल मला पटत न्हाई."

*

आता ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्यांच्याकडं येतो. शीतल आणि बालाजी.

शीतल मामांची नात. सतरा वर्षांची, म्हणजे तिला हे एकच वर्ष होतं, पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती. सुकाणूवर ती बसली की तोंडातून शब्द नाही. बालाजी सोळाचा. धरणाखालच्या वस्तीवर घर. तो तारेला लटकणारा. वारा चढला की एकानं कमरेला तार अडकवून होडीच्या बाहेर, पाण्यावर आडवं व्हायचं असतं, म्हणजे होडी कलंडत नाही. बालाजी असा आडवा होतो, जसा घरी बाजेवर पडलाय. एकदा तसाच लटकलेला असताना हा पोरगा शेंगा खात होता! कप्तानानं त्याला झापलं, आणि मग माझ्याकडं तोंड करून पोट धरून हसला.

घरचे दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीला जातात. आजवर बालाजी मावशीकडं राहून शाळा करायचा. मावशीचं बिऱ्हाड यंदा गावातून हललं. वर तो आता हाताशी आला होता. तोडीच्या हिशोबात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्या माणसाला अर्धा. वडील ज्ञानोबा त्याला म्हणाले होते, "यंदा तू अर्धा कोयता." पोरानं हे मला सांगितलं ते डोलकाठी पुसता पुसता, मान खाली घालून. मी म्हटलं, "नीट पूस, कोपरे राहिलेत." मास्तरकी ही अशी वेळेला कामाला येते.

राज्याची निवड कधी होती? ऐन तोडीच्या दिवसांत.

*

चौथ्या दिवशी दोघांना निळीवर पाठवलं. वारा बरा होता. वळण घेताना निळी आडवी झाली. हरकत नाही, जोडहोडी कलंडतेच. आडव्या होडीच्या बुडावर उभं राहायचं, दोर धरून मागं रेलायचं, की डोलकाठी पाण्यातून वर येते आणि होडी सरळ होते. आपली होडी आपणच उभी करायची, हा शर्यतीचा नियम.

निळी उभी राहीना! दोघं रेलले, लोंबकळले, पुन्हा रेलले. निळी म्हणते, मी झोपले. अर्ध्या तासानं मामांनी तराफा नेला आणि डोलकाठी हातानं उचलून दिली.

याचा अर्थ काय? माझ्या मते अर्थ सरळ होता, होडी पोरांना जड आहे. शेठजींनी त्याच गोष्टीचा दुसरा अर्थ काढला.

"बगा सर, पोरं हलकी हायेत. शीतल राहू द्या, बालाजीच्या जागी आमच्या रोहनला बसवा."

रोहन शेठजींचा पुतण्या. ब्याऐंशी किलो. मला असा राग आला की हातातला चहा मी वाळूत ओतून टाकला, आणि जे मला ओळखतात त्यांना माहीत आहे, मी चहा टाकला म्हणजे काय.

*

संघटनेच्या अर्जात जोडीचं वजन लिहायचं होतं. पांढरीसाठी दोघांचं मिळून शंभरच्या वर हवं, निळीसाठी एकशेवीसच्या वर, पण निळी स्वतः उभी करून दाखवणाऱ्या जोडीला सूट. शेठजी म्हणाले, "वजन मपल्या काट्यावर करू. मानवतच्या मोंढ्यात असा काटा न्हाई."

मी शाळेत अडकलो होतो. पोरं धरणावरून सराव करून तशीच जीपमध्ये बसली, ओली. शेठजींनी दोघांना पोत्याच्या काट्यावर एकामागोमाग चढवलं आणि संध्याकाळी चिठ्ठी पाठवली. जोडीचं वजन सत्त्याण्णव.

सत्त्याण्णव! म्हणजे निळीला नाहीतच, पण पांढरीलाही तीन किलोनं कमी. म्हणजे बालाजी बाद, रोहन आत, होडी निळी. कप्तान त्या दिवशी साडेसातला जेवला, पण वरणात मीठ घालायचं विसरला.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी शीतलच्या हातात पडली. तिनं ती दोनदा वाचली.

"सर, शाळेच्या तपासणीत मपलं वजन सत्तेचाळीस भरलं. बालाजीचं छप्पन. मग सहा किलो कुठं गेले?"

मी तिला आणि बालाजीला घेऊन मानवत गाठलं. रस्ताभर मनात जुळवणी चालली होती की अध्यक्षांना चोर कुठल्या भाषेत म्हणावं. शेठजींनी निवांत वही काढली, चष्मा लावला. वहीत दोघांचं वजन मिळून एकशे तीनच होतं. त्याच्याखाली व्यवस्थित अक्षरात लिहिलेलं: ओलीचे चार वजा, बारदान दोन वजा.

"शेठजी, हे काय?"

"काय म्हंजे? माल ओला व्हता," शेठजी म्हणाले. "ओल्या मालाला कपात करावीच लागती. आन अंगावर कपडे व्हते, ते बारदान, पोत्याचं वजन वजा करतेत तसं."

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. आयुष्यात त्यांच्या काट्यावर ओलं जे चढलं, त्याला कपात लागली. पोरांना वेगळं काढावं हे त्यांच्या हाताला सुचलंच नाही! मी जुळवलेली सगळी भाषा वाया गेली.

शीतल मात्र पुढं झाली. "शेठजी, मी कापूस न्हाई."

शेठजींनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. मग वहीकडं. मग पोरांना पुन्हा काट्यावर चढवलं, कोरड्या कपड्यांत. एकशे तीन. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली, सही केली, आणि पोरांना भजी खाऊ घातली. पण निघताना माझ्या कानाशी लागलेच, "सर, एकशे तीन झालं तरी माल हलकाच."

*

रोहनचं सांगायचं राहिलं. बिचारा पोरगा वाईट नव्हता. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा वॉटर पार्कमध्ये एकदा जाऊन आला होता, एवढ्या भांडवलावर काकांनी त्याला खलाशी ठरवला होता.

शेठजी बघायला आले म्हणून त्याला निळीवर बसवलं. शीतल सुकाणूवर, बालाजी मदतीला. होडी सुटली. रोहननं डोलकाठीला मिठी मारली आणि डोळे मिटले. एक फेरी झाली, दुसरी झाली. काठावरून शेठजी ओरडतायत, "वा रे पठ्ठ्या!" होडी काठाला आली, पोरं उतरली, शीड उतरवलं, घडी केली. रोहन डोलकाठी सोडेना.

"उतर की," कप्तान म्हणाला.

"थांबली का?" रोहननं डोळे न उघडता विचारलं.

"कवाच! चहा बी झाला आमचा!"

त्याच संध्याकाळी रोहन स्वतः काकांना म्हणाला, "काका, मला फोटो काढायला ठेवा, मी काठावरून काढतो." ठेवला. फोटो पण असे काढतो की बघत राहावं. पाण्याची भीती असलेल्या माणसालाच पाणी एवढं नीट दिसत असावं.

शेठजी हिरमुसले, पण माघार? नाव नको. "दुसरा वजनदार पोरगा बगू. होडी निळीच."

कमिटीत आम्ही चौघं. मी आणि कप्तान पांढरीकडं. शेठजी निळीकडं. मामांना विचारलं तर म्हणाले, "पोरगी मपली नात हाय. म्या बोललो तर लोक म्हणतील घरचं बोलला. म्या बोलत न्हाई." आणि खरंच, तराफा घेऊन मासे धरायला निघून गेले. अध्यक्षांच्या मताला दुप्पट वजन, हा आमच्याच घटनेतला नियम, मीच लिहिलेला. म्हणजे दोन विरुद्ध दोन! शेवटी ठरलं, संघटनेच्या निरीक्षक बाई शेवटच्या दिवशी येतायत, त्या म्हणतील ते.

*

आणि आता तो शेवटचा दिवस.

निरीक्षक बाई मुंबईच्या. कमी बोलणाऱ्या, डोक्यावर टोपी, हातात पॅड. सकाळपासून त्यांनी पोरांना दोन्ही होड्यांवर पळवलं. पांढरीवर शीतल-बालाजी अशी गेली की बाईंनी लिहिणं थांबवून नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "आता कलंडवा आणि सरळ करा."

पांढरी आडवी केली, दोघं बुडावर उभी राहिली, रेलली, होडी उभी. चहा ओतायलाही वेळ मिळाला नाही.

"निळी बी कलंडवा," शेठजी म्हणाले. "मॅडमला दिसू द्या." शेठजींना काय दाखवायचं होतं ते उघड होतं. मी तोंड उघडलं तर कप्तानानं माझा पाय दाबला.

नेमका तेव्हाच ज्ञानोबा आला. बालाजीचा बाप. खांद्यावर पिशवी, पायांना चिखल. वस्तीवर ट्रॅक्टर लागला होता, सामान भरत होते, आणि तो पोराला न्यायला आला होता. मला रामराम करून एवढंच म्हणाला, "झालं का त्येचं? दुपारी निघायचंय." मी त्याला काठाशी नेलं. म्हटलं, एवढं बघा. तो काठावर उभा राहिला.

निळी आडवी झाली. दोघं बुडावर चढली. दोर धरला, ओढला. डोलकाठी पाण्यातून हातभर उठली आणि परत पडली. दुसऱ्यांदा ओढली, परत तेच. शेठजींनी बाईंकडं बघितलं. बाईंनी पॅडवर पेन टेकवलं.

ज्ञानोबानं पिशवी खाली टाकली आणि गुडघाभर पाण्यात शिरला.

"बाल्याऽऽ! हातानं काय ओढायलास? गाडी भरायची विसरलास का रे!"

बालाजीनं वळून बघितलं.

"नाडा कमरंवर घे! पाय रोव! आन पाठ टाक, पाठ!" उसाची ट्रॉली भरली की वरून दोर टाकून तो आवळतात, नाहीतर रस्त्यात ऊस सांडतो. तो आवळताना हात कुणी वापरत नाही. दोर कमरेला घेऊन माणूस अंगाचा सगळा भार मागं टाकतो. "पोरी, तू त्येच्या म्होरं! दोर हातात धर, पाठ त्येच्या छातीला टेकव! दोघं एकदमच! एकदम म्हंजे एकदम! हांऽऽ... टाका!"

दोघं एकाच वेळी मागं पडली, सरळ, फळीसारखी. डोलकाठी थरथरली, हळूहळू वर आली, शिडातून पाणी ओघळायला लागलं, आणि निळी धप्पकन उभी राहिली. रोहन फोटो काढायचा विसरून टाळ्या वाजवत होता. मामा तराफ्यावर उभे राहिले होते, आणि मामा कधी उभे राहत नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली?

शेठजी सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, "बगा मॅडम! निळी बी उचलतेत! म्हंजे निळीच घ्या!"

पोरं काठाला आली, थंडीनं कुडकुडत. बाईंनी शीतललाच विचारलं, "दोन्ही सरळ करता येतात तुम्हाला. मग कुठली हवी?"

"पांढरी."

"का?"

"निळी उभी करायला काठावर बालाजीचे बाबा लागतेत," शीतल म्हणाली. "ते आज तोडीला जायलेत. पांढरी आमच्या दोघांच्यानंच उभी राहती."

सगळे हसले. शेठजीही हसले, आणि हसता हसता म्हणाले, "लिहा मॅडम, पांढरी. हरलो!" बाईंनी लिहिलं. मग त्यांनी पॅडवरून मान वर केली. "आणि दोघंही निवडीला येताय ना? जोडी बदलली तर उपयोग नाही."

हसणं थांबलं. शीतल होडीकडं बघत होती. बालाजी बापाकडं न बघता कमरेची तार सोडवत होता, आणि ती सुटत नव्हती. पलीकडं वस्तीवर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

ज्ञानोबानं ओल्या धोतराचा काठ पिळला. पुन्हा पिळला. पिशवी उचलली, त्यातून पोराच्या कपड्यांचं एक लहान गाठोडं वेगळं काढलं आणि वाळूवर ठेवलं. मग कप्तानापाशी जाऊन उभा राहिला.

"कप्तान, तुमचं जेवण किती वाजता असतंय?"

"साडेसात."

"पोराला सातला भूक लागती."

कप्तानानं मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मग सात," तो म्हणाला.